डोक्यात किडा आहे की नाही, हे डॉक्टर कसं ठरवतात?

बेळगावात मेंदूच्या डॉक्टरांच्या ओपीडीबाहेर बसलं की एक प्रश्न कधी ना कधी कानावर येतोच. "आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. अंडंसुद्धा शिवत नाही आम्ही. मग पोराच्या डोक्यात डुकराचा किडा आला कुठनं?" विचारणाऱ्याच्या आवाजात भीतीइतकाच अपमानही असतो. आत डॉक्टरांसमोर रांग लागलेली असते, कन्नड-मराठी-इंग्रजी मिसळून दोन-चार वाक्यं होतात, आणि माणूस गोळ्यांची पिशवी घेऊन सीबीटी बसस्थानकाकडे चालू लागतो. प्रश्न तसाच राहतो.

त्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते अवघडही नाही. पण त्याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: हा किडाच आहे, हे ठरवलं कसं? कारण मेंदूतल्या परजीवीचं निदान एका मशीनच्या एका चिठ्ठीवर होत नाही. पुरावे जमवून, एकमेकांशी ताडून ते करावं लागतं, आणि त्यातले निम्मे पुरावे पेशंटच्या घरच्यांकडे असतात. हे घरच्यांना माहीत नसलं तर ते पुरावे वाया जातात.

माळकरी घरात किडा कसा?

आपल्याकडे मेंदूत सापडणारा सर्वांत नेहमीचा परजीवी म्हणजे पट्टकृमीची अळी. कृमीचं शास्त्रीय नाव टीनिया सोलियम, मेंदूतल्या आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस, आणि रिपोर्टवर तीन अक्षरं: एनसीसी. या कृमीचे माणसाशी दोन वेगवेगळे संबंध येतात. सगळा गोंधळ ते दोन एकात मिसळल्यामुळे होतो.

पहिला संबंध डुकराच्या मांसातून. मांसात अळ्या असतील आणि ते कच्चट राहिलं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. दोन-चार मीटर लांबीचा, कधी त्याहूनही मोठा. त्या माणसाला बहुधा काही त्रासच होत नाही. पण त्याच्या शौचातून कृमीचे तुकडे पडत राहतात, आणि एका पिकलेल्या तुकड्यात सुमारे ५० हजार अंडी असतात.

दुसरा संबंध या अंड्यांतून. न धुतलेल्या हातातून, पाण्यातून किंवा सांडपाण्यावर वाढलेल्या कच्च्या भाजीतून ही अंडी पोटात गेली, की त्यांतून बाहेर पडणारी सूक्ष्म अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि स्नायूंत, डोळ्यांत किंवा मेंदूत जाऊन बसते. म्हणजे मेंदूतला किडा डुकराच्या मांसातून थेट येत नाही. तो माणसाच्या विष्ठेतून येतो. माळ घातलेली असो वा नसो, पाणी आणि भाजी सगळ्यांची एकच.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या चार रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली होती. हे चौघे कर्मठ ज्यू समाजातले. त्यांच्या धर्मात डुकराचं मांस वर्ज्य, आणि ते नेम पाळणारे. तरी मेंदूत याच अळ्या निघाल्या. शोध घेतल्यावर धागा घरकामाला असलेल्या, आतड्यात पट्टकृमी असलेल्या माणसांपर्यंत गेला. यात त्या कामगारांचा दोष नव्हता, आपल्या पोटात कृमी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पण आपल्या माळकरी घराच्या प्रश्नाचं उत्तर याहून स्पष्ट कुठे मिळणार नाही.

कोबीबद्दलही सांगायला हवं, कारण किती घरांत त्या भीतीने कोबी आणणं बंद झालंय. कोबीत दिसणारी हिरवी अळी पतंगाची किंवा फुलपाखराची असते. तिचा मेंदूशी काही संबंध नाही. पट्टकृमीचं अंडं मिलिमीटरच्या तीसाव्या भागाएवढं असतं, डोळ्यांना दिसतच नाही. आणि ते कोबीच काय, कोथिंबिरीवर, गाजरावर, मुळ्यावरही असू शकतं. शिजवलेल्या भाजीला भ्यायचं कारण नाही.

वर्षानुवर्षं गप्प

मेंदूत पोचलेली अळी पाण्याने भरलेली पिशवी होऊन बसते, साधारण ५ ते २० मिलिमीटरची. जिवंत असेपर्यंत ती शरीराच्या संरक्षण यंत्रणेला चकवते, त्यामुळे सूज नाही आणि त्रास नाही. ती मरायला लागली, की शरीराला तिचा पत्ता लागतो, भोवती सूज येते आणि तेव्हा पहिली फिट येते.

यात किती काळ जातो, याचा चांगला अंदाज ब्रिटिश सैनिकांवरून आला. बेळगावच्या कॅम्पमधले जुने बंगले ज्या काळाची आठवण करून देतात, त्या काळात भारतातल्या छावण्यांत राहून मायदेशी परतलेल्या सैनिकांना पुढे फिट येऊ लागल्या. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केला. संसर्ग आणि पहिली फिट यांत सरासरी पाचेक वर्षांचं अंतर निघालं, काहींच्या बाबतीत त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे "गेल्या महिन्यात लग्नात काय खाल्लं होतं?" असं आठवत बसण्यात अर्थ नाही. आणि "माझ्या हातनंच काहीतरी चुकलं" म्हणून आईने स्वतःला दोष देण्यात तर मुळीच नाही.

ज्याने पाहिलं, त्याला न्या

पहिली तपासणी मशीनवर होत नाही. फिट आलेली असताना पेशंट भानावर नसतो, नंतर त्याला नीट आठवत नाही. डॉक्टरांना हवा असतो तो डोळ्यांनी पाहिलेला माणूस. आणि आपल्याकडे नेमका तोच घरी राहतो. फिट आली तेव्हा जवळ होती आजी, पण दवाखान्यात येतो काका, कारण काकाला कन्नड चांगलं येतं. काकाने काहीच पाहिलेलं नसतं. तो सांगतो, "आकडी आलती म्हणे." एवढ्यावर डॉक्टरांनी काय ठरवायचं? आजीला न्या. काका दुभाष्या म्हणून शेजारी बसू दे.

सुरुवात कुठून झाली, हे सगळ्यांत महत्त्वाचं. आधी उजव्या हाताची बोटं आखडली, मग तोंड वाकडं झालं आणि मग सगळं अंग झटकायला लागलं, की पहिल्या क्षणापासून सगळंच? मान आणि डोळे कुठल्या बाजूला वळले? किती मिनिटं चाललं? शुद्धीवर आल्यावर हात लुळा वाटत होता का, शब्द फुटत होते का? शरीराच्या उजव्या बाजूवर मेंदूच्या डाव्या भागाची सत्ता असते. म्हणून उजव्या हातापासून सुरू झालेली फिट मेंदूच्या डाव्या बाजूकडे बोट दाखवते. पुढे स्कॅनमध्ये डाग डाव्या बाजूलाच सापडला, तर दोन पुरावे जुळले. उजव्या बाजूला सापडला, तर चांगला डॉक्टर थबकतो: हा डाग या फिटचं कारण नसेलही. आजीच्या चार वाक्यांचं मोल असं असतं.

दुसऱ्यांदा फिट आली तर पेशंटला कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, तोंडात काही घालू नका, आणि हात मोकळा असेल तर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ घ्या. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना. कांदा, चप्पल, चाव्यांचा जुडगा यांत जो वेळ जातो त्यात पाहायचं ते राहून जातं.

डॉक्टर आणखीही विचारतील: घरात कुणाला टीबी झाला होता का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का, कातडीखाली हाताला लागणाऱ्या गाठी आहेत का, शौचातून पांढरे चपटे तुकडे पडलेले कधी दिसले का. एचआयव्हीची तपासणीही सांगतील. ती चारित्र्यावरची शंका नसते, त्याचं कारण पुढे येईल.

मुलीला फिट आली की काही घरं सगळं दडवतात, रात्रीचं गुपचूप कुठल्या तरी देवाला नेतात. लग्नाची काळजी असते, ती मी समजू शकतो. पण अपस्मार, म्हणजे फिटचा आजार, हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण हिंदू विवाह कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकलं आहे. आणि ज्या आजारातला डाग कित्येकदा काही महिन्यांत पुसला जातो, त्यासाठी मुलीला वर्षानुवर्षं लपवून ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

स्कॅनमध्ये काय दिसतं

बहुतेक ठिकाणी आधी सीटी होतो. लवकर होतो, स्वस्त पडतो आणि एका बाबतीत एमआरआयपेक्षा सरस ठरतो: मरून चुना झालेल्या अळीचा बारीक पांढरा ठिपका सीटीत चटकन दिसतो. एमआरआयची ताकद वेगळी. पिशवीच्या आतला बारकावा, मेंदूच्या पाण्याच्या पोकळ्यांत लपलेली पिशवी, भोवतीची सूज, हे तिथे नीट कळतं. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी दोन्ही करावेत असं सांगितलं आहे. तेव्हा सीटी झाल्यावर डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला म्हणजे लुबाडणूकच चालली आहे, असं लगेच समजू नये.

अळीच्या आयुष्याच्या चार पायऱ्या स्कॅनमध्ये ओळखता येतात. जिवंत असताना पातळ भिंतीची पिशवी दिसते, आत स्वच्छ पाणी आणि त्यात एक छोटा ठिपका. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. तो स्पष्ट दिसला तर निदान जवळजवळ पक्कं, कारण दुसऱ्या कुठल्या आजारात हे चित्र दिसत नाही. मग अळी मरायला लागते: आतलं पाणी गढूळ होतं, भिंत जाड होते, भोवती सूज, आणि औषध टोचून काढलेल्या स्कॅनमध्ये डागाला उजळ कडं येतं. पुढे ती आक्रसून लहान गाठ होते. शेवटी एकतर पुसली जाते, नाहीतर चुन्याचा ठिपका उरतो.

हा चुन्याचा ठिपका पुष्कळदा योगायोगानेच सापडतो. बाईकवरून पडल्यावर डोक्याचा सीटी काढला, मार काही नाही, पण रिपोर्टमध्ये 'जुना कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा'. घर हादरतं. ही अळी कधीच मेलेली आहे, तिला मारायचं औषध घेऊन काही साधत नाही. अशा ठिपक्यामुळे काहींना फिट येतात, आणि येत असतील तर फिटच्या गोळ्या लागतात. काहीच त्रास नसेल तर डॉक्टरांना दाखवून ती नोंद जपून ठेवायची.

किडा की टीबी?

खरी अडचण मधल्या पायरीवर आहे. कडं असलेला एकच लहान डाग, आत ठिपका दिसत नाही. रिपोर्टवर 'रिंग एन्हान्सिंग लीजन' आणि पुढे प्रश्नचिन्ह लावून दोन नावं: एनसीसी किंवा ट्युबरक्युलोमा, म्हणजे टीबीची गाठ. हे प्रश्नचिन्ह बघून घरचे चिडतात, एवढे पैसे घेऊन हे सांगतही नाहीत म्हणून. पण ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक असतं. असं कडं किड्याचं असू शकतं, टीबीचं, पुवाच्या गळूचं, क्वचित कॅन्सरच्या गाठीचंही.

या प्रश्नचिन्हामागचा इतिहास आपल्याच देशातला आहे. सीटी स्कॅन आल्यावर फिटच्या भारतीय रुग्णांत असे एकेकटे लहान डाग भराभर दिसू लागले. देशात टीबी एवढा, म्हणून ते टीबीचेच धरले गेले आणि टीबीची औषधं सुरू होत. काही महिन्यांनी परत स्कॅन काढला की डाग गायब. सगळ्यांना वाटे, टीबीच होता, औषध लागू पडलं. तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात मॅथ्यू चांडी आणि व्ही. राजशेखर या न्यूरोसर्जननी १९८० च्या दशकाच्या शेवटी असे डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बहुसंख्य डागांत निघाली ती पट्टकृमीची मरणारी अळी. ती अळी तशीही पुसलीच जाणार होती. टीबीच्या गोळ्या घेतल्या म्हणून डाग गेला नव्हता, गोळ्या चालू असताना गेला होता एवढंच. आणि किती जणांनी विनाकारण महिनोन् महिने, यकृतावर ताण आणणारी ती औषधं गिळली.

माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे. औषधाने बरं वाटलं म्हणून निदान बरोबर होतं, असं होत नाही.

वेल्लोरच्या त्या कामातून काही खुणा ठरल्या, त्या आजही वापरल्या जातात. डाग २० मिलिमीटरपेक्षा लहान. सूज असली तरी मेंदूचा मध्य एका बाजूला ढकलला जाण्याइतकी नाही. पेशंटला फिट येतात, पण अशक्तपणा किंवा लुळेपणा दिवसेंदिवस वाढत नाही. डोक्यातला दाब वाढल्याच्या खुणा, म्हणजे सततची डोकेदुखी, ओकाऱ्या, धूसर दिसणं, नाहीत. अंगात दुसरा मोठा आजार नाही. हे सगळं जुळलं तर पारडं किड्याकडे झुकतं. डाग २० मिलिमीटरच्या वर, कड ओबडधोबड, तीन-चार डाग एकमेकांना चिकटलेले, सूज भरपूर, छातीच्या एक्सरेत काही, घरात टीबीचा पेशंट, असं असलं तर टीबीकडे. एमआरआयवरच 'स्पेक्ट्रोस्कोपी' नावाची जोडतपासणी होते. गाठीत कोणती रसायनं आहेत याचा आलेख त्यात मिळतो, आणि टीबीच्या गाठीत चरबीचं शिखर उंच दिसतं. इतकं करूनही पक्कं होत नसेल आणि डाग वाढत असेल, तर गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. ही वेळ थोड्यांवरच येते.

टीबीचा उलटा धोकाही आहे. खरोखर टीबी असेल आणि किडा समजून नुसती सूज उतरवणारी स्टेरॉइडं दिली, तर आधी बरं वाटतं आणि मग टीबी पसरतो. म्हणून छातीचा एक्सरे आणि टीबीची चौकशी टाळू नये.

रक्ताची तपासणी कुठवर पुरते

"डॉक्टर, रक्तात कळंल की!" असं आपल्याला वाटतं. पण नेमकी आपल्याकडची नेहमीची स्थिती, म्हणजे एकच डाग, तिथेच रक्ततपासणी तोकडी पडते. ईआयटीबी नावाची तपासणी १९८९ मध्ये विकसित झाली. मेंदूत दोन किंवा जास्त जिवंत पिशव्या असतील तर ती जवळजवळ चुकत नाही. पण एकच डाग असेल किंवा अळी मरून चुना झालेला असेल, तर तीच तपासणी निम्म्याच्या आसपास रुग्णांत निगेटिव्ह येते. बाहेरच्या लॅबमध्ये मिळणारी साधी एलायझा तर दोन्ही बाजूंनी फसवते: नसताना पॉझिटिव्ह, असताना निगेटिव्ह. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन "किडा नाहीच" म्हणत औषध बंद करणारे लोक आहेत. तसं करू नये. रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढल्या नाहीत, यावरूनही काही सिद्ध होत नाही.

स्कॅनची सीडी हाच पुरावा

एवढ्या सगळ्यानंतर जो पुरावा बऱ्याचदा निकाल लावतो, तो फुकट आहे: मध्ये जाऊ दिलेला काळ. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करतात. डाग लहान झाला, पुसला गेला किंवा चुना झाला, तर किड्याच्या बाजूचा पुरावा बळकट. मोठा झाला, तर पुन्हा पहिल्यापासून विचार.

पण तुलना करायची तर जुना स्कॅन हातात हवा, आणि सीमाभागात नेमकी तिथेच माशी शिंकते. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळचं, अथणीच्या माणसाला मिरज, खानापूरच्या माणसाला बेळगाव. पहिली फिट आली तेव्हा एकीकडे, दुसरं मत घ्यायला हुबळीला, मग कुणीतरी सांगतं बेंगळूरला निम्हान्सला, मेंदूच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, जा. प्रत्येक ठिकाणी नवा स्कॅन, आणि जुना घरी ट्रंकेत. रिपोर्टचा कागद पुरत नाही. डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात, मिलिमीटर मोजायचे असतात. सीडी, फिल्म, रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा आणि दर वेळी ती पिशवी न्या. दोन राज्यांच्या दवाखान्यांतली कागदपत्रं आपोआप एकमेकांपर्यंत पोचत नाहीत, ती पेशंटलाच पोचवावी लागतात.

अल्बेंडाझोल स्वतःच्या मनाने नको

'किडा' ऐकल्यावर मेडिकलमधून जंताच्या गोळ्या आणून घेणारे आहेत. मेंदूतल्या किड्यावरही मुख्य औषध तेच आहे, अल्बेंडाझोल. पण त्याने अळ्या एकदम मरतात, सूज उसळते, आणि कवटीत सुजेला जागा नसते. म्हणून डॉक्टर सोबत स्टेरॉइड देतात, वजनावर मात्रा ठरवतात. त्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा पडदा तपासून घेतात, कारण डोळ्याच्या आत अळी असेल तर ती मरताना नजर जाऊ शकते. काही मुलांत आणि तरुण बायकांत शेकडो अळ्या आणि मेंदूभर सूज असं चित्र असतं. तिथे हे औषध जीवघेणं ठरू शकतं आणि फक्त सूज उतरवण्यावर भर देतात. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हेही निदानाचाच भाग आहे. शाळेत जंतनाशक दिनाला मिळणारी एक गोळी मुलांनी जरूर घ्यावी. ती आतड्यातल्या जंतांसाठी असते.

जिथे महिने मिळत नाहीत

पट्टकृमी थांबायला वेळ देतो. सगळे परजीवी देत नाहीत.

ताप, गुंगी आणि झटके एकत्र आले तर आधी मेंदूचा मलेरिया आठवावा. इथे मेंदूचा स्कॅन नाही, रक्ताचा थेंब निकाल देतो: काचपट्टी आणि रॅपिड कार्ड. पहिली पट्टी निगेटिव्ह आली तरी संशय असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा घेतात. सोबत रक्तातली साखर बघतात, कारण साखर उतरली तरी माणूस बेशुद्ध पडतो.

त्याहून वेगवान, पण फार दुर्मिळ, तो नेग्लेरिया हा अमिबा. २०२४ आणि २०२५ मध्ये केरळातल्या बातम्यांमुळे तो घरोघरी माहीत झाला. कोमट गोड्या पाण्यात डुंबताना पाणी नाकात जोरात शिरलं तर तो नाकावाटे मेंदूत जातो. ते पाणी पिऊन होत नाही. लक्षणं पुवाच्या मेंदूज्वरासारखीच: ताप, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, मान ताठ. तपासणीसाठी मणक्यातून काढलेलं पाठीतलं पाणीही तसंच गढूळ, पण त्यात जिवाणू सापडत नाहीत. तेव्हा ते ताजं असतानाच, फ्रिजमध्ये न ठेवता, सूक्ष्मदर्शकाखाली हलणारे अमिबा शोधावे लागतात. लॅबवाला ते तेव्हाच शोधेल, जेव्हा कुणीतरी सांगेल की पोरगा गेल्या आठवड्यात विहिरीत डबा बांधून पोहायला शिकत होता. या आजारातून फार थोडे वाचतात. पण २०२४ मध्ये कोझिकोडचा १४ वर्षांचा मुलगा वाचला, त्यात लवकर झालेल्या निदानाचा मोठा वाटा होता.

एचआयव्हीचं कारण मघाशी राखून ठेवलं होतं. प्रतिकारशक्ती फार खालावली, सीडी-४ पेशी १०० च्या खाली गेल्या, की टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी मेंदूत डोकं वर काढतो. त्याचेही डाग कड्याचेच, बहुधा अनेक. इथे औषध सुरू करून दोनेक आठवड्यांत परत स्कॅन काढतात. डाग लहान झाले तर तेच निदान मानतात, नाही झाले तर तुकडा तपासतात. एचआयव्हीची तपासणीच झाली नसेल, तर हा विचारच कुणाच्या मनात येत नाही आणि बरा होऊ शकणारा माणूस हातचा जातो. सरकारी दवाखान्यात ती फुकट आणि गुप्त होते.

आणि धनगर वाड्यांसाठी एक: हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यातला हा कृमी, मेंढराच्या टाकलेल्या काळजा-फुफ्फुसातून कुत्र्यात जातो आणि कुत्र्याच्या विष्ठेतून माणसात. गाठ बहुधा यकृतात होते, मेंदूत शंभरात एक-दोघांनाच, त्यातही जास्त करून मुलांना. स्कॅनमध्ये ती ओळखू येते: एकच, मोठी, गोल गरगरीत, आत निव्वळ पाणी, भोवती सूज जवळपास नाही. पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक्सरे लगेच करतात, दुसरी गाठ सापडली तर संशय पक्का होतो. या गाठीत सुई घालून पाणी काढायचं नसतं. ती फुटली तर कृमी पसरतो आणि शरीरात तीव्र प्रतिक्रिया उठू शकते. न्यूरोसर्जन ती भोवती पाणी सोडत अख्खी बाहेर काढतात.

शेवटची तपासणी घरच्यांची

एनसीसीचं निदान पेशंटवर थांबत नाही. मेंदूत अळी असलेल्या बहुतेकांच्या स्वतःच्या पोटात पट्टकृमी नसतो. तो असतो आसपासच्या कुणाच्या तरी पोटात, आणि त्या माणसाला पत्ता नसतो. त्यातून त्याच घरातल्या दुसऱ्या मुलालाही लागण होऊ शकते. म्हणून घरातल्या सगळ्यांची शौच तपासणी करून घ्यावी, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने देऊन. लाजायचं काही नाही. सापडला तर तोंडाने घ्यायच्या औषधाने तो जातो.

एक अडचण राहते. डुकरातल्या आणि गाई-बैलातल्या पट्टकृमीची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, आणि मेंदूला धोका फक्त डुकरातल्याचा. त्यामुळे घरात कुणाला शौचातून पांढरा, चपटा तुकडा पडलेला दिसला, तर तो टाकून देऊ नये. हातात प्लास्टिकची पिशवी घालून, झाकणाच्या बाटलीत घेऊन लॅबमध्ये द्यावा आणि हात साबणाने चोळून धुवावेत. त्या तुकड्यातल्या गर्भाशयाला फुटलेल्या फांद्या मोजतात. एका बाजूला सात ते तेरा असतील तर तो डुकरातला, पंधराच्या वर असतील तर दुसरा.